वजन पळणारा काटा आणि लक्ष्मीपुरीतलं दुरुस्तीचं दुकान

आधी निकाल सांगून टाकते. तीस किलोचा टेबल काटा, दुरुस्तीचे साडेसहाशे रुपये, सरकारी शिक्क्याची फी वेगळी. उन्हाळ्यात दुरुस्त करून आणला, मधे अख्खा पावसाळा गेला, दिवाळीची गर्दी झाली, आणि काटा जागचा हललेला नाही. दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या मागच्या बोळात. पाटी आहे, पण अर्धी वायरच्या भेंडोळ्यांआड गेलीय. कुणालाही ‘काटेवाले मामा’ कुठं म्हणून विचारा, सांगतात.

माझं मंगळवार पेठेत चटणी-मसाल्याचं दुकान आहे. पुढं विक्री, मागं कांडप. फेब्रुवारी संपला की वर्षाची चटणी करायला बायका येऊ लागतात ते थेट वळवाच्या पावसापर्यंत. कुणाला तीन किलो ब्याडगी रंगाला, दोन किलो संकेश्वरी चवीला, वर पाव किलो लवंगी, ‘आमच्यात जरा जाळ लागतो’ म्हणून. त्या दिवसांत काटा सकाळी लावला की रात्रीच बंद होतो. आणि नेमका त्याच दिवसांत काटा नाचायला लागला.

सकाळी अगदी शहाण्यासारखा. तासाभरानं रिकाम्या ताटावर ५ दिसायचे, मग १०, मग उणे १५. शेजारी कुणी पोतं आपटलं की आकडा उडायचा, पाव किलोच्या जागी तीनशे चाळीस ग्रॅम. बाजूला थाप मारली की परत शून्यावर. आता थाप मारून चालवणं टीव्हीला ठीक आहे; गिऱ्हाईकासमोर काट्याला थाप मारून बघा एकदा. गिऱ्हाईकाचा डोळा मिरचीवर नसतो, आकड्यावर असतो. ‘वैनी, काटा पळतोय की तुमचा,’ असं एका बाईनं चारचौघींत म्हटलं, तेव्हाच ठरवलं की हा काटा आज उचलायचा.

जिथून घेतला होता त्या विक्रेत्याकडं आधी गेले. नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडं चौकशी केली तरी साधारण तेच ऐकायला मिळालं. काउंटरवरच्या पोरानं काटा चालू केला, आकडा हलताना बघितला आणि झाकणाला हातही न लावता सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला.’ नवा बोर्ड २,८०० रुपये, तोही मागवावा लागेल. नाहीतर जुना द्या, नवा घ्या, जुन्याचे पाचशे धरू. मी विचारलं, बोर्डावरचं काय गेलंय? म्हणाला, ‘आम्ही बोर्ड उघडत नाही, बदलतो.’ एका परीनं प्रामाणिक उत्तर. पण मी काटा पिशवीत घातला आणि लक्ष्मीपुरी गाठली.

मामांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. एका बाजूला सराफाचे काचेच्या पेटीतले काटे, दुसऱ्या बाजूला रद्दीवाल्यांचे, मासळीवाल्यांचे, मधे जायला एका माणसाची वाट. बसायला काही नाही. मामा साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर. काटा ठेवला तर चालू करून बघायच्या आधी त्यांनी तो उलटा केला आणि सील बघितलं. तार, शिशाची गोळी, त्यावर सरकारी वजनमाप निरीक्षकाचा ठसा, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर. मग म्हणाले, ‘वैनी, हे मी तोडणार. तोडलं की परत शिक्का बसंपर्यंत ह्यो काटा दुकानात लावायचा न्हाई. चालत असंल तर ठेवा, न्हाईतर घेऊन जावा.’

ही गोष्ट दुकानदारांनी नीट समजून घ्यावी, म्हणून जरा थांबते. वजन-मापांचा कायदा, म्हणजे वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ चा आहे. व्यापारात वापरायचा काटा दुरुस्त करायचा तर दुरुस्तीचा परवाना लागतो, आणि दुरुस्तीनंतर फेरपडताळणी, म्हणजे निरीक्षकानं काटा पुन्हा तपासून शिक्का मारणं. एरवीही इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी असतेच. त्यामुळं गल्लीतल्या मिक्सर-टीव्हीवाल्यानं शंभर रुपयांत काटा चालू करून दिला, तरी सील तुटलेला काटा काउंटरवर ठेवून तुम्ही बसलेला असता, आणि तपासणीला कुणी आलं तर उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, मिक्सरवाल्याला नाही. मामांचा परवाना भिंतीवर फ्रेममध्ये आहे, मुदतीतला आहे. मी वाचला. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यानंतर बोलणं जरा मऊ झालं.

बोर्डाचं काम मात्र मामा करत नाहीत, त्यांची सून करते. कळंब्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. खिडकीपाशी तिचं टेबल, गोल भिंगाचा दिवा, बोर्डावरचे जोड धातू वितळवून झाळायचं सोल्डरिंग स्टेशन आणि धूर ओढायला कॉम्प्युटरमधला जुना पंखा. तिनं काट्याचं झाकण काढलं आणि पहिली शिंक मामांना आली, मग तिला, मग दारातल्या गिऱ्हाइकाला. आत सगळीकडं तांबडी पूड बसली होती. ‘काकू, मिरचीवाल्यांचे काटे वास घेऊनच ओळखतो आम्ही,’ म्हणाली. नुसती मिरची एक वेळ परवडते, पण तयार चटणीत मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा धरतं आणि तांब्याला हिरवट जंग चढतो. चार्जिंग सॉकेटच्या कडेला तसा पट्टा दिसतही होता.

काम बघत उभी राहिले. हाकलून देतील असं वाटलं होतं, पण नाही दिलं.

तिनं लगेच सोल्डरिंग गन हातात घेतली नाही. आधी लोड सेल तपासला. ताटाखाली वजन ओळखणारी जी ॲल्युमिनियमची पट्टी असते ती म्हणजे लोड सेल. त्यातून लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार वायरी निघतात. लाल-काळ्यात मीटरनं चारशेच्या आसपास ओहम दाखवले, हिरव्या-पांढऱ्यात साडेतीनशे. म्हणजे सेल शाबूत. मग काटा चालू करून ताटावर दहा किलोचं वजन ठेवलं आणि सेलच्या वायरींवर मीटर लावला. काट्याचा आकडा नाचतोय, मीटर ढिम्म. ‘सेल बरोबर सांगतोय, बोर्डापर्यंत पोचत नाही.’ तोवर दहा मिनिटं गेली असतील, आणि २,८०० रुपयांच्या निदानापेक्षा जास्त माहिती मला मिळाली होती.

त्यानंतर बांबूची बारीक काडी घेऊन बोर्डावर एकेका जागी हलकेच टकटक. डोळे बोर्डावर नाहीत, आकड्यावर. ट्रान्सफॉर्मरपाशी काही नाही. डिस्प्लेच्या पट्टीपाशी काही नाही. लोड सेलची वायर बोर्डाला जिथं जोडलीय त्या चार पिनांच्या कनेक्टरपाशी काडी आली आणि आकडा १०.००० वरून ९.८६५ वर पडला. परत टक, परत वर. तिनं बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला आणि मला म्हणाली, ‘बघा.’

नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर चारही पॉइंट, म्हणजे सोल्डरचे जोड, चांगले होते. भिंगातून एका पिनेभोवती काळसर, केसाएवढी बारीक गोल चीर दिसली. पिन मधे उभी, भोवती सोल्डर, आणि दोघांच्या मधे ती रेघ पूर्ण वेढा घालून. तिनं काडीनं पिन दाबली तर पिन जराशी हलली, सोल्डर जागेवरच. शेजारच्या पिनेला अर्धी चीर. याला ही मंडळी ‘ड्राय पॉइंट’ म्हणतात.

आता एवढीशी चीर तीस किलोच्या काट्याला वेड लावते कशी, हे मी विचारलं. कारण बाकी यंत्रं लूज कनेक्शनवर महिनोन् महिने चालतात, आमचं कांडप यंत्र तर त्यावरच चालतं. तिनं कागदावर आकडे मांडून दाखवले. पूर्ण तीस किलो ठेवले तर सेलमधून बोर्डाला साधारण १० मिलिव्होल्ट मिळतात. घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १,५०० मिलिव्होल्ट. त्यातले फक्त दहा. आणि काटा पाच-पाच ग्रॅम दाखवतो म्हणजे त्या दहाचे ६,००० भाग करतो. एका भागाला दोन मायक्रोव्होल्टसुद्धा येत नाहीत. अशा ठिकाणी पिन नीट टेकली नाही की जे काही थोडं कमी-जास्त होतं, ते सरळ ग्रॅममध्ये दिसतं. सकाळी ठीक आणि तासाभरानं बिघाड का, तर शेजारीच व्होल्टेज एकसारखं ठेवणारा भाग, रेग्युलेटर, आहे. तो तापतो, बोर्ड किंचित फुगतो, चीर उघडते. थाप मारली की पिन परत टेकते. पोती आपटणं, काटा ताटाला धरून उचलणं, याचा मार वर्षानुवर्षं त्याच पिनांवर बसतो. आमच्या दुकानात पोरं काटा ताटालाच धरून उचलतात. आता उचलत नाहीत.

दुरुस्ती निदानापेक्षा लवकर आटोपली, पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी लिहिण्यासारख्या आहेत. तिनं चिरेवर वरून नवं सोल्डर थापलं नाही. आधी फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती राळ, लावून तांब्याची विणलेली पट्टी ठेवली, वरून गन टेकवली, आणि जुनं सोल्डर त्या पट्टीत शोषून काढलं. पिना उघड्या पडल्यावर त्यांची टोकं मळकट दिसत होती, ती घासून स्वच्छ केली. कारखान्यातलं सोल्डर बिनशिशाचं होतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. ती वापरते ते कथील-शिशाचं, १८३ अंशांवर वितळणारं. दोन्हींची खिचडी करायची नाही, हा तिचा नियम. स्टेशनवर ३५० अंश लावलेले. एका पॉइंटला दोन-तीन सेकंद, बस. जास्त वेळ धरलं की खालचा तांब्याचा पत्रा बोर्डापासून सुटतो आणि मग खरोखरच बोर्ड जातो. नवे पॉइंट चकचकीत, आणि पिनेकडं उतार घेत चढलेले. सोल्डरचा गोळा होऊन बसला असेल तर तो वरवर चिकटलाय, आत धरलेला नाही, असं समजायचं. घरातला एखादा बोर्ड कुणाकडून दुरुस्त करून घेतला असेल तर भिंगानं एवढं तरी बघा.

कनेक्टरच्या चार पिना, रेग्युलेटरचे तीन पाय, चार्जिंग सॉकेट. एवढंच केलं. मी म्हटलं, उघडलंच आहे तर सगळ्याच पॉइंटवरून एकदा हात फिरवा की. त्यावर मामा तिकडून ओरडले, ‘वैनी, इस्त्री न्हाई ती, सगळीकडं फिरवायला.’ बोलले फटकळ, पण मुद्दा खरा होता. आमच्या टीव्हीचा बोर्ड पूर्वी एकानं असाच सगळीकडून ‘रीसोल्डर’ करून दिला होता. त्यानंतर तो टीव्ही भंगारातच गेला.

शेवटी टूथब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन तिनं बोर्ड धुतला. फ्लक्सची चिकट राळ राहिली तर तिच्यावर धूळ बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि दोन पिनांच्या मधून करंट झिरपायला लागतो. जिथं मायक्रोव्होल्टचा हिशेब, तिथं तेवढ्यानंही वजन सरकतं. कोल्हापूरचा पावसाळा आणि माझी मिरची, दोन्ही डोळ्यांपुढं ठेवून तिनं झाकणाच्या फटीला आतून फोमची पट्टीही लावली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वजनं लावून बघायला बोलावलं होतं. काटा रात्रभर दहा किलोच्या वजनाखाली चालू ठेवलेला. मामांनी सीलखालचं बटण दाबून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे खऱ्या वजनाशी आकडा जुळवला, मग दहा किलोचं माप ताटाच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं ठेवलं. या काट्याला पडताळणीत दहा किलोला पाच ग्रॅमपर्यंत फरक चालतो. माझ्या काट्यानं चारही कोपऱ्यांना १०.००० दाखवलं. मी मुद्दाम काउंटरवर हात आपटला. मामांनी माझ्याकडं बघितलं, काट्याकडं बघितलंच नाही.

आता तक्रारी, कारण आहेत.

एक म्हणजे वेळ. दुरुस्ती झटपट झाली, पण शिक्का मारून काटा हातात यायला लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ. निरीक्षकांची तारीख त्यांच्या हातात नाही हे मान्य. पण ‘परवा या’ म्हणायचं आणि परवा गेल्यावर ‘आज न्हाई’ म्हणायचं, हे फोनवर सांगता येतं. फोन मात्र उचलत नाहीत. ऐन सीझनात मी जावेच्या दुकानातला काटा मागून आणला आणि तिच्या उपकाराखाली राहिले; ज्यांनी जावेकडून काही मागितलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. पडताळणी झालेला एखादा काटा डिपॉझिट घेऊन तात्पुरता वापरायला दिला तर लोक त्याचं भाडंही देतील. मी सुचवलं. मामा ‘बघू’ म्हणाले.

दुसरं, मामांचं तोंड. माझ्यापुढंच एकाला झापलं. तो माणूस मात्र त्याच लायकीचा होता. हळूच विचारत होता, किलोमागं वीस ग्रॅमची ‘सेटिंग’ होईल का. मामांनी त्याचा काटा उचलून त्याच्या हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणाले. पण साध्या, काही न कळणाऱ्या माणसावरही ते तसेच खेकसतात. एक म्हातारे भाजीवाले चार्जर विसरून आले होते, त्यांना एवढं बोलायची गरज नव्हती. सून असेल तेव्हा गेलेलं बरं. पैसे मोबाईलवरून द्यायचे असतील तर तीच असावी लागते. मामा क्यूआर कोडवर वही ठेवतात.

तिसरं, सगळंच होतं असं नाही. पाण्यात बुडालेला बोर्ड ते घेत नाहीत, २०१९ च्या पुरानंतर असे फार आले म्हणे आणि दुरुस्त केलेले पुन्हा पुन्हा परत आले. सेल वाकला असेल तर बदलतात, सरळ करत बसत नाहीत. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप दडवलेले स्वस्तातले काटे असतात, त्यातला तो थेंबच गेला असेल तर स्पष्ट ‘नवा घ्या’ सांगतात. हे तक्रारीत लिहिलं खरं, पण ही तक्रार नाही.

पावतीबद्दल सांगायलाच हवं. साडेसहाशेची पावती मिळाली, त्यावर ‘लोड सेल कनेक्टर ४ पॉइंट, रेग्युलेटर ३, चार्जिंग सॉकेट’ असं लिहिलेलं, आणि तेवढ्याच पॉइंटांची तीन महिन्यांची हमी. शिक्क्याच्या फीची सरकारी पावती आणि पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं. काढलेला कचराही दाखवला, सोल्डर शोषलेली ती पट्टी. इतक्या वर्षांत फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर सगळं दुरुस्त करून झालं, पण नेमकं काय केलं हे कागदावर लिहून देणारं दुकान मला हेच भेटलं. साडेसहाशे जास्त झाले असं जाऊबाई म्हणाल्या. चार आण्याचं सोल्डर लागलं असेल हे खरंच आहे. पैसे त्या काडीच्या टकटकीचे.

जाणार असाल तर चार्जर सोबत न्या, निम्मे बिघाड सॉकेटचे निघतात आणि चार्जरशिवाय ते काटा घेतच नाहीत. मागच्या पडताळणीचं प्रमाणपत्र न्या. सील घरी तोडू नका, स्क्रू ढिला करून डोकावूही नका. ताट काढून वेगळं बांधा, काटा आडवा न ठेवता बुडावर ठेवून न्या. सकाळी अकराच्या आत गेलात तर सून भेटते, दुपारी ती पोरांच्या शाळेला जाते. गाडी बाजाराच्या तोंडाशीच लावा. बोळात हातगाड्या उभ्या असतात आणि पोत्यांची चढ-उतार चालू असली की काटा डोक्यावर घेऊनच आत जावं लागतं.